कागदावरचा डोंगर



'नकाशा' हा शब्द मराठीच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो तुम्हांला परका वाटला का? वाटला नसेल. आपण घरात आणि वर्गात 'नक्शा' म्हणतो, त्याचेच हे मराठी रूप आहे. जमीन, मैदान, किल्ला, बुरूज, सरहद्द हे शब्दही असेच मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले. म्हणजे नकाशाच्या दारापर्यंत तुम्ही आधीच पोहोचला आहात. आता आत शिरायचे आहे.

पण आत शिरतो कोण? परीक्षेत नकाशावर प्रश्न येतो. आपण खुणा आणि रंग पाठ करतो. गुण मिळतात आणि नकाशा पुन्हा कपाटात जातो. मला हे पटत नाही. ज्याला आपल्या गावाच्या जमिनीचा नकाशा वाचता येत नाही, त्याचे भूगोलाचे शिक्षण अपुरे राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. चुका करून मी ते शिकलो आहे.

आधी हा नकाशा कसा असतो ते पाहू. आपल्या देशाचे स्थलनिर्देशक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. हा विभाग १७६७ साली स्थापन झाला. त्याच्या नेहमीच्या नकाशाचे प्रमाण १:५०,००० असते. म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर हे जमिनीवरचे एक किलोमीटर. पिवळा रंग शेतीचा, हिरवा झाडीचा, तांबडा वस्तीचा आणि निळा पाण्याचा. ओढ्यात पाणी नसेल, तर तो काळ्या रेषेने दाखवतात. आपल्या मराठवाड्याच्या नकाशावर अशा काळ्या रेषा पुष्कळ दिसतात. दुष्काळाची गोष्ट नकाशा अशी एका रंगात सांगून टाकतो.

या सर्वांच्या खाली तपकिरी रंगाच्या वेड्यावाकड्या बारीक रेषा असतात. त्या समोच्च रेषा होत. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. व्याख्या अवघड वाटते ना? मग घरी एक प्रयोग करा. एक मोठा बटाटा मधोमध कापा. त्याचा अर्धा भाग पातेल्यात उपडा ठेवा. अर्धे बोट पाणी ओता आणि पाण्याच्या कडेकडेने बटाट्यावर पेनाने रेघ ओढा. पुन्हा अर्धे बोट पाणी ओता, पुन्हा रेघ ओढा. शेवटी पाणी काढून टाका आणि वरून पाहा. एकात एक अशी कडी दिसतील. तुम्ही कागदावरचा डोंगर पाहिलात!

हीच कडी तुम्हांला दौलताबादच्या किल्ल्याच्या जागी दिसतील. सुमारे २०० मीटर उंचीची ती सुटी टेकडी आहे. तिच्या बाजू तासून उभ्या केलेल्या आहेत, म्हणून तेथे रेषा अगदी दाटीने येतात. रेषा दाट म्हणजे चढ तीव्र. रेषा विरळ म्हणजे उतार सौम्य. अजिंठ्याला पाहाल, तर वाघूर नदीच्या काठाने रेषा घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या दिसतील. त्याच वळणावरच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागेला मराठीत खिंड म्हणतात, उर्दूत आपण दर्रा म्हणतो. वादीला मराठीत दरी किंवा खोरे म्हणतात. डोंगराचा जो भाग खाली उतरत लांब पसरतो, त्याला मराठीत फार छान शब्द आहे – सोंड. हत्तीची सोंड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तो शब्द विसरणार नाही.

आता माझी पहिली चूक सांगतो. बी.एड. होऊन मी नोकरीला लागलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी नववीच्या मुलांना घेऊन खुलताबादला गेलो होतो. तेथून वेरूळला जायचे होते. माझ्याजवळ नकाशा होता. मी बोटाने अंतर मोजले आणि ऐटीत म्हणालो, "रस्त्याने कशाला जायचे? सरळ गेलो तर लवकर पोहोचू." मुले आनंदाने निघाली. पाऊण तास चाललो आणि एकदम थांबलो. पुढे जमीनच नव्हती! पायांखाली कडा होता आणि वेरूळ खाली दिसत होते.

तेथे एक म्हातारे गुराखी शेळ्या चारत होते. मी विचारले, "बाबा, इथून खाली उतरता येईल का?" ते हसून म्हणाले, "मास्तर, इथून माझी शेळीसुद्धा उतरत नाही. आल्या वाटेने मागे जा आणि रस्ता धरा." मी नकाशा पुन्हा उघडला. त्या जागी तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मी अंतर मोजले होते, उंची वाचली नव्हती. त्या बाबांना अक्षरओळख नव्हती, पण जमीन वाचता येत होती. माझे नेमके उलटे होते.

दुसरी चूक याहून मोठी आहे. माझ्या फूफीने, म्हणजे आत्याने, आयुष्यभराच्या बचतीतून शहराच्या कडेला एक प्लॉट घेतला. प्लॉट स्वस्त होता आणि रस्ता जवळ होता. आम्ही सर्वांनी तो पाहिला. तो उन्हाळ्यात पाहिला, म्हणून जमीन कोरडी ठणठणीत होती. घर बांधून झाले. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री मुसळधार पाऊस झाला आणि घरात गुडघाभर पाणी शिरले. धान्य, मुलांची वह्या-पुस्तके, फूफीचे शिवणयंत्र, सगळे पाण्यात गेले. मागून मी नकाशा काढून पाहिला. त्या भागात समोच्च रेषा टोकदार वळल्या होत्या आणि त्यांची टोके उंच भागाकडे होती. रेषांचे टोक उंच भागाकडे वळले की तेथे दरी किंवा ओढा असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. एक बारीक काळी रेषाही तेथून जात होती. तो जुना नाला होता.

फूफी मला एवढेच म्हणाली, "अरे, तू तर मुलांना भूगोल शिकवतोस. मग हे आधी का नाही सांगितलेस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मित्रांनो, आपल्या शहराची रचना पाहा. उत्तरेला जटवाड्याकडचे डोंगर आहेत, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर आहेत. उत्तरेकडून खाम नदी येते आणि पुढे गोदावरीला मिळते. १६१० च्या सुमारास मलिक अंबर यांनी येथे खडकी हे नगर वसवले. त्यांनी हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून नहर आणली. आज आपण तिला नहर-ए-अंबरी म्हणतो. त्या काळी पंप नव्हता, वीज नव्हती आणि समोच्च रेषांचा नकाशाही नव्हता. पाणी उताराने येते, एवढे ओळखून त्यांनी उतार शोधला. पुढच्या काळात पाणचक्कीचे पाणीही असेच लांबून आणले गेले. ज्या शहराने पाण्याला वाट काढून दिली, त्याच शहरात आज आपण पाण्याच्या वाटेवर भिंती बांधतो. पाण्याला नवी वसाहत कळत नाही. ते आपल्या जुन्या वाटेनेच येते.

कोणी म्हणेल, "सर, आता फोन रस्ता दाखवतो. कागदी नकाशा कशाला?" फोन उपयोगी आहे, मीही वापरतो. तो मला रस्ता दाखवतो, वळण सांगतो. पण कोणता प्लॉट घ्यावा, विहीर कोठे खणावी, शेतात बांध कोणत्या बाजूने घालावा, हे प्रश्न आपण त्याला विचारत नाही आणि तो आपणहून सांगत नाही. शिवाय त्याच्या पडद्यावर समोच्च रेषा आणल्या, तरी त्या वाचायच्या आपल्यालाच.

आणखी कोणी म्हणेल, "हे नकाशे मिळतात कोठे?" पूर्वी ते मिळवणे अवघड होते, हे खरे. २०२१ मध्ये सरकारने नकाशांवरचे बरेच निर्बंध सैल केले. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून अनेक नकाशे आता उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकांप्रमाणे आपले शहर ४७ एम/५ या नकाशावर आहे. दौलताबाद ४७ एम/१ वर येते आणि वेरूळ ४६ पी/४ वर, कारण या दोन ठिकाणांच्या मधून २० अंश उत्तर अक्षवृत्त जाते. जुन्या नकाशावर शहराचे नाव औरंगाबाद असे दिसेल. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नाव कोणतेही छापलेले असो, पाणी मात्र त्याच उताराने वाहते.

म्हणून माझी तुम्हांला एक विनंती आहे. शाळेत नकाशा असेल, तर शिक्षकांना तो मागा. एखाद्या रविवारी तो घेऊन गोगाबाबा टेकडीवर जा. उत्तर दिशा शोधा आणि नकाशा तसा फिरवून धरा. मग एक डोळा कागदावर आणि एक जमिनीवर ठेवा. कोणती रेषा कोणत्या सोंडेची, कोणती खामची, कोणती आपल्या मोहल्ल्याजवळच्या नाल्याची, हे ओळखा. पहिल्या दिवशी चुकाल. चुकू द्या. कागदावर झालेली चूक रबराने पुसता येते. जमिनीवर झालेल्या चुकीची किंमत माझी फूफी अजून मोजते आहे.

तुमच्या घरात उद्या कोणी प्लॉट घ्यायला निघेल, तेव्हा त्यांच्याबरोबर जा. दर विचारणारे पुष्कळ असतील. तुम्ही उतार विचारा.

स्वाध्याय

१. गुराखी बाबा आणि लेखक यांच्यात लेखकाला कोणता फरक जाणवला?
२. फूफीच्या प्रश्नाला लेखक उत्तर का देऊ शकला नाही?
३. सोंड, खिंड, दरी, कडा या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा. त्यांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा.
४. तुमच्या मोहल्ल्यात पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते? पाहून पाच वाक्ये लिहा.