‘बनवाबनवी’ची उसनवारी

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा बिली वाइल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’वरून (१९५९) उचललेला चित्रपट, हे विधान फार तर अर्धे खरे आहे. त्याचे थेट मूळ हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मध्ये (१९६६) सापडते. हॉलिवूडपटातले दोन वादक शिकागोहून पार फ्लोरिडापर्यंत पळतात, कारण त्यांनी गुंडांनी केलेले खून पाहिलेले असतात; जीव वाचवायला ते बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. पुण्यातल्या चौघांना मात्र फक्त खोली हवी असते. घरमालकीण जोडप्यांनाच जागा देते, म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. वेशांतर तेच, पण गरज अगदी घरगुती.

सचिन पिळगावकरांचे दिग्दर्शन आणि वसंत सबनीसांचे लेखन इथे कामी येते. अशोक सराफांचा धनंजय माने चेहरा न हलवता थाप मारतो, आणि ती निस्तरताना पुढची थाप जन्मते. मूर्तिजापुरातून अकोल्या-अमरावतीला शिकायला गेलेल्या पोरांना ‘एकट्या मुलांना खोली नाही’ हे उत्तर आजही ऐकावे लागते. शिकागोचे गुंड त्यांना कुठे भेटणार?

— एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)