निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक स्वतः वस्तू निवडतो आणि स्वतःच किंमत मोजतो. औषधाच्या दुकानातील ग्राहकाकडे केवळ दुसरे काम उरते. निवड डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधीच झालेली असते. त्यामुळे एकच औषध वीस कंपन्या बनवीत असल्या तरी त्यांची स्पर्धा चालते ती डॉक्टरांच्या लेखणीसाठी, रुग्णाच्या पैशासाठी नव्हे.

शासनाचा भर आजवर कमाल किंमत बांधून देण्यावर राहिला आहे. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च हा आधार होता. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने तो सोडला. आता अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधासाठी, बाजारात किमान एक टक्का वाटा असलेली उत्पादने किरकोळ विक्रेत्याला ज्या किमतीस मिळतात त्यांची सरासरी काढून तीत १६ टक्के मिळवितात. म्हणजे ज्या किमतींना आवर घालायचा, त्यांनाच मोजपट्टी मानायचे! यादीबाहेरील औषधांची किंमत तर वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत वाढविता येते.

२००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची आज १५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि तेथील औषधे निम्म्याहूनही कमी दरात मिळू शकतात. परंतु १९४५ च्या औषध नियमांतील ६५ वा नियम आड येतो. चिठ्ठीवर व्यापारी नाव असेल, तर अनुसूची ‘एच’मधील औषधाऐवजी त्याच द्रव्याचे दुसरे उत्पादन विक्रेत्याला देता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मूळ नावाने औषध लिहिणे बंधनकारक केले. डॉक्टरांनी दर्जाचा प्रश्न उपस्थित केला आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. माझ्या मते हा आक्षेप निव्वळ स्वार्थाचा नव्हता. केवळ मूळ नाव लिहिल्यास निवड रुग्णाकडे येत नाही, ती दुकानदाराकडे जाते. आणि ज्यात नफा अधिक तेच उत्पादन तो पुढे करणार.

या कोंडीतून वाट काढली ती तामिळनाडूने. १९९४ साली स्थापन झालेले तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ सरकारी रुग्णालयांसाठी मूळ नावाने निविदा मागविते, औषधाची प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासून घेते आणि मगच वाटते. राजस्थानने २०११ मध्ये अशाच खरेदीवर मोफत औषध योजना उभारली. येथे निवडणारा आणि पैसे देणारा एकच आहे, आणि त्याला औषधातले कळते. (निविदांचे काम रूक्ष खरे, पण पुष्कळसे लोककल्याण त्याच धारिकांत दडलेले असते.)

खासगी दुकानांसाठीही हेच तत्त्व लावावे. खेपनिहाय तपासणीचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि त्यांत उतरलेल्या उत्पादनांपुरती पर्याय देण्याची मुभा ६५ व्या नियमात द्यावी. तपासणीवाचून मुभा देणे मात्र मला मान्य नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावी असतात आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा खर्च आपण दिल्ली, बंगळूर वा दुबईहून पाठवितो. नियम बदलेपर्यंत एवढे करता येईल : पुढील भेटीत डॉक्टरांना मूळ औषधाचे नाव लिहून मागावे, जनऔषधीतील पर्याय चालेल काय ते विचारावे, आणि ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर किमती ताडून पाहाव्यात. अपस्मार किंवा थायरॉइडच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नयेत.