दीक्षा एका दिवसाची, शिक्षण जन्माचे

माणसाने धर्म बदलला की त्याची नोंद होते, गणती होते, गवगवा होतो. परंतु त्या माणसाच्या मुलाला तो धर्म कोणी शिकविला, कोणत्या भाषेत शिकविला आणि तो त्याला पटला की नाही, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वाचकहो, आजचा आमचा विषय हाच आहे. आणि त्यासाठी आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, नरनाळा किल्ल्याच्या वाटेवर वसलेल्या अकोटकडे व भोवतालच्या वऱ्हाडाकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे.

अमेरिकेत ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ साली उभ्या केलेल्या चळवळीतून ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही संस्था निघाली. तिचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, अकोट, खामगाव, अमरावती या भागांत रुजले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले, तेव्हा या मिशनने अकोल्यास मुलांसाठी व खामगावास मुलींसाठी अनाथाश्रम चालविले. ‘दुष्काळात धान्य देऊन बाटविले,’ हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. आमचे त्यावर एवढेच म्हणणे आहे की, भुकेल्या मुलाला ज्यांनी आपल्या उंबऱ्यावर उभे राहू दिले नाही, त्यांनी हा आक्षेप जपून घ्यावा. शिवाय धान्याने जोडलेला माणूस धान्य संपताच सुटतो. दुष्काळ सरले, परदेशी मिशनरी गेले, तरी मराठी बोलणारी ही मंडळी आपल्या प्रार्थनामंदिरात जमतच राहिली. हे धान्याने होत नाही. हे शिक्षणाने होते.

ते शिक्षण कसे चालते? रविवारच्या उपासनेस जोडून ‘शब्बाथशाळा’ भरते. लहान मुलांचा वर्ग निराळा, मोठ्या मुलांचा निराळा, आणि प्रौढांसाठीही शास्त्रपाठ असतो. लहानांना चित्र दाखवून गोष्ट सांगतात, एक वचन पाठ करून घेतात, गीत शिकवितात. शिकविणारा बहुधा पगारी उपदेशक नसतो. मंडळीतलीच एखादी शिक्षिका, परिचारिका वा कारकून आपला रविवार त्यासाठी देत असतो. या प्रथेचा उगमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या चालकाने आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांसाठी रविवारची शाळा काढली. तेथे धर्माबरोबर अक्षरेही शिकविली जात. ज्याला वाचता येत नाही, त्याचा धर्म दुसऱ्याच्या तोंडी असतो, हे त्या माणसाने ओळखले होते.

या मंडळ्यांची आणखी एक रीत आमच्या वाचकांनी विशेष विचारात घ्यावी. अलायन्स पंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. आईबाप मुलाला प्रार्थनापूर्वक अर्पण करतात, एवढेच. बाप्तिस्मा पुढे, मुलाला समज आल्यावर, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर. म्हणजे ख्रिस्ती घरात जन्मला म्हणून ख्रिस्ती, हे त्यांना मान्य नाही. त्या दोन विधींमधली वर्षे शिक्षणाने भरून काढावी लागतात; म्हणून ही शाळा त्यांना शोभेसाठी नको असते, गरजेसाठी हवी असते.

प्रौढांचे शिक्षण त्याहून अवघड. मराठीत बायबलचा पहिला भाग १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशनने छापला खरा, परंतु पंडिती भाषांतर शेतमजूर बाईच्या कानावरून जाते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी परक्या चालींच्या जागी अभंग, ओवी आणि कीर्तन मंडळीत आणले. मुलांसाठी अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७३ सालीच सुरू केले होते. शिकणाऱ्याच्या जिभेवर बसेल तेच शिक्षण टिकते. अकोटच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा समुदायाला प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढीत. वऱ्हाडातील प्रौढ माणूस शिकतो तो असा.

परंतु आम्ही केवळ स्तुती करून थांबणार नाही. पाठांतर म्हणजे समज नव्हे. वचन घडाघडा म्हणणाऱ्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले आणि त्याला गप्प बसविले, तर ती शाळा राहत नाही, पढविण्याची जागा होते. दुसरे असे की, धर्मशिक्षणाने माणूस प्रार्थनेत समान होतो, पण गावच्या पाणवठ्यावर समान होतो काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिशनांच्या कार्यावर लिहिताना हाच सवाल केला होता: धर्मांतरितांवरील अन्यायाविरुद्ध लढा कोठे आहे? तो लेख त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, पण सवाल जिवंत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. बौद्धांना त्या १९९० साली मिळाल्या. ख्रिस्ती झालेले पूर्वास्पृश्य बाहेरच राहिले. मग पोटासाठी कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असा पेच घराघरांत उभा राहतो. खरे बोलावे, असा पाठ ज्या मुलाला दिला जातो, त्याच मुलाला शाळेच्या दाखल्यावर खोटे वाचावे लागावे, यापरते धर्मशिक्षणाचे विडंबन कोणते?

आता हक्काचा प्रश्न. वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशात होते, तेव्हा १९५४ साली त्या सरकारने ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीने १९५६ साली मिशनरी कार्यावर कडक निर्बंध सुचविले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपुरास बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत डॉ. नियोगी होते! आम्ही हे टोमणा म्हणून सांगत नाही. ज्या स्वातंत्र्याने त्यांनी दीक्षा घेतली, तेच स्वातंत्र्य अकोटच्या ख्रिस्ती बाईलाही आहे, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसाराचा हक्क दिला. २८ व्या कलमाने पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण बंद केले, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते पालकांच्या संमतीवाचून कोणाच्या मुलावर लादता येणार नाही, असे बजावले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असे ठरविले. पण आपली श्रद्धा आपल्या मुलांना शिकविण्यास त्याने बंदी केलेली नाही. ज्या दिवशी शब्बाथशाळेच्या दारात जमाव उभा राहील, त्या दिवशी ‘ते आपले नव्हेत’ म्हणून जो बौद्ध घरात बसेल, त्याने आपल्या विहाराचे दारही उघडे टाकले असे समजावे.

आणि वाचकहो, शेवटी आपलेच आपण विचारू या. बावीस प्रतिज्ञा आपल्या आजोबांनी उभे राहून घेतल्या. आपल्या नातवाला त्यांतील किती येतात? येत असतील, तर अर्थासह येतात काय? सिलोनमध्ये कर्नल ऑल्कॉट यांनी १८८१ साली बौद्ध प्रश्नोत्तरावली छापली आणि पुढे तेथील विहारांत रविवारच्या धम्मशाळा भरू लागल्या. ही पद्धत त्यांनी ख्रिस्ती मिशनांकडूनच उचलली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा? दर रविवारी तासभर, मुलांचा एक वर्ग व मोठ्यांचा एक वर्ग, शिकविणारा आपल्याच वस्तीतला, भाषा आपल्याच घरातली, आणि प्रश्न विचारण्यास पूर्ण मोकळीक. याला देणगी लागत नाही, मंडप लागत नाही. फक्त सातत्य लागते, आणि नेमके तेच आपल्याजवळ कमी आहे.

वारशाने शेत मिळते, घर मिळते. धर्म मिळत नाही, तो समजून घ्यावा लागतो. अकोटची लहानशी मंडळी हे जाणते. लाखोंनी दीक्षा घेतलेल्या समाजाने ते विसरू नये.