वेदनेवरची फुंकर

अंगणात धावता धावता मूल पडते, त्याचा गुडघा खरचटतो आणि ते भोकाड पसरते. तेवढ्यात घरातली आजी लगबगीने बाहेर येते आणि म्हणते, "अगंबाई, मुंगी मेली बघ!" मूल रडता रडता थबकते आणि जमिनीवर मुंगी शोधू लागते. गुडघ्याची जखम होती तेवढीच असते. परंतु मुलाचे मन जखमेवरून निघून मुंगीकडे गेलेले असते, आणि मन जेथून निघाले तेथील वेदनाही बरीचशी ओसरते. वैद्यकाचा एकही ग्रंथ न वाचलेल्या आजीला हे रहस्य पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दवाखान्याच्या उंबरठ्यावर मात्र शहाण्यासुरत्या माणसांनाही त्याचा विसर पडतो, ही खेदाची गोष्ट होय.

लसीकरणाच्या दिवशी कोणत्याही दवाखान्यात जे दृश्य दिसते ते पाहावे. रांगेतील पहिले मूल किंचाळते आणि त्याच्या मागची दहा मुले सुई लागण्यापूर्वीच रडू लागतात. कोणी हात धरतो, कोणी पाय धरतो, कोणी "गप्प बस" म्हणून दरडावतो, तर कोणी "काही दुखत नाही रे" असे धडधडीत असत्य सांगतो. हीच माणसे घरी त्याच मुलाला "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असा धाक घालीत असतात. ज्याच्याकडे विश्वासाने जावयाचे, त्यालाच बागुलबुवा करून ठेवल्यावर मुलाने न रडावे तरी कसे?

आपल्या जुन्या चालीरीतींत यापेक्षा अधिक शहाणपण होते. बाळाचे कान टोचावयाचे असले म्हणजे त्याला जिवाभावाच्या माणसाच्या मांडीवर बसवीत, जिभेवर गुळाचा खडा ठेवीत, समोर कोणी खुळखुळा वाजवी आणि सराईत सोनार आपले काम क्षणात उरकी. जवळची मांडी, जिभेवर गोडी, कानी नाद आणि कुशल हात, या चार गोष्टी तेथे एकत्र येत. बाळाला वेदना होई, पण ती एकट्याने सोसावी लागत नसे.

या अनुभवाला शास्त्राचा आधार पुढे मिळाला. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली वेदनेविषयी एक नवा सिद्धान्त मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जात असता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार असते. ते कधी अधिक उघडते, तर कधी मिटते. आणि ते किती उघडावे हे ठरविण्यात मेंदूचा, म्हणजेच मनाच्या अवस्थेचा, वाटा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धान्तात पुढे पुष्कळ भर पडली. तथापि भय वेदनेला वाढविते आणि दुसरीकडे रमलेले मन तिला कमी करते, हे अनेक प्रयोगांनी दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस टोचताना होणाऱ्या वेदनेविषयी स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मुलाला आपल्या माणसाने जवळ घ्यावे. तान्ह्या बाळाला शक्य तर अंगावर पाजावे. एकाहून अधिक सुया टोचावयाच्या असतील तर अधिक दुखणारी शेवटी द्यावी. सहा वर्षांखालील मुलांचे लक्ष खेळणी, संगीत इत्यादींकडे वळवावे. आणि घाबरविणारे किंवा खोटा दिलासा देणारे शब्द टाळावेत, असे त्यात सांगितले आहे. आजीची मुंगी अशा रीतीने शास्त्राच्या दरबारात जाऊन बसली!

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पुढल्याच वर्षी पेनिसिलीन तयार होऊ लागले. जीव वाचविणारे हे औषध त्या काळी मुख्यत्वे सुईनेच दिले जाई. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पवनेच्या काठापासून कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच बिहार आणि उत्तर प्रदेश येथून माणसे पोटासाठी येथे आली. एका खोलीत संसार थाटला गेला. वडील पाळीवर, पुष्कळदा आईही कामावर; आणि "मुंगी मेली" म्हणणारी आजी मात्र दूर गावाकडेच राहिली. म्हणूनच आजीचे हे काम येथे दुसऱ्या कोणीतरी पत्करले पाहिजे.

ते पत्करणे अवघडही नाही. चाकणकडे येणाऱ्या मुलाला परिचारिकेने नुसते विचारावे, "वाटेत किती ट्रक दिसले? नव्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रक पाहिलास का? त्याला चाके किती होती?" मूल चाके मोजू लागते तोवर सुई आत जाऊन बाहेरही येते. मुलाला मराठी येत नसेल तर साबणाचे फुगे आहेत, भिरभिरे आहे, खुळखुळा आहे. त्यांना भाषेची गरज लागत नाही. फुगा किंवा भिरभिरे फुंकताना श्वास लांब सोडावा लागतो, त्यामुळे आवळलेले अंग सैल होते, हा आणखी एक लाभ. या साहित्याला खर्च तो किती? आजकाल पुष्कळ पालक मुलाच्या हाती मोबाईल देतात. त्यावरील चित्रांनीही मन रमते, हे नाकारता येत नाही. परंतु डोळ्यांत पाहून बोलणारे आणि हात हाती घेणारे माणूस जो धीर देते, तो केवळ पडद्यावरील चित्रांनी मिळत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. "मुलांना दुःख सोसण्याची सवय व्हावयास हवी, असे लाड केल्याने ती दुबळी होतील," असे कित्येक म्हणतात. परंतु धाकाने धैर्य वाढत नाही, धास्ती वाढते. बालपणी मनात बसलेली सुईची भीती पुष्कळांना मोठेपणीही सोडीत नाही. यंत्रावर हात कापला असताना धनुर्वाताची सुई टाळणारा कामगार शूर नव्हे. तो स्वतःचा जीव धोक्यात घालीत असतो. "एवढ्या गर्दीत गोष्टी सांगण्यास वेळ कोणाला आहे?" हा दुसरा आक्षेप. कर्मचाऱ्यांवर कामाचा भार फार असतो, हे खरे. पण हातपाय झाडणाऱ्या मुलाला तिघांनी दाबून धरण्यातही वेळ जातोच, आणि त्याच्या किंकाळीने पुढची सारी रांग बिथरते. ज्याचे मन रमले आहे त्या मुलाचे काम लवकर उरकते.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. मुलाचे लक्ष दुसरीकडे वळविणे ही फसवणूक नव्हे काय? फुगा दाखवून नकळत सुई टोचली तर ती फसवणूकच होय. असे मूल पुढच्या वेळी फुग्यालाही भिते. म्हणून आधी सत्य सांगावे आणि मग मन रमवावे. "सुई टोचायची आहे. थोडे दुखेल, लवकर थांबेल. तोवर आपण फुगे उडवू," एवढे सांगितले की मुलाचा विश्वासही राहतो आणि त्याचे मनही हलके होते.

या उपायालाही मर्यादा आहे, हे विसरता कामा नये. मोडलेले हाड बसविणे, जखमेला टाके घालणे, भाजलेल्या जागेची मलमपट्टी करणे, अशा प्रसंगी वेदनाशामक औषध किंवा भूल यांची जागा गोष्ट घेऊ शकत नाही. अर्भकांना वेदना फारशी कळत नाही, असा समज एके काळी डॉक्टरांतही होता. मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे संशोधन करून, पुरेशी भूल न देता केलेल्या शस्त्रक्रियेचा अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर किती घातक ताण पडतो, हे १९८७ साली दाखवून दिले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. जे बोलू शकत नाही त्यालाही दुखते, हा त्या संशोधनाचा धडा आहे. औषधाने जेवढी वेदना टाळता येते तेवढी टाळावी, आणि उरलेल्या वेदनेत मुलाला एकटे सोडू नये, हाच खरा मार्ग होय.

हे काम केवळ डॉक्टरांचे व परिचारिकांचे नाही. आईवडील पाळीवर असले की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दवाखान्यात जाणारी ताई किंवा दादा पुष्कळदा शाळेतलाच विद्यार्थी असतो. आपल्या देशातील लसीकरणाच्या वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही सुई आहेच; त्यामुळे ती कशी लागते हे त्याला चांगले ठाऊक असते. "रडतोस काय, भित्रा कुठला!" असे म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्याला स्वतःची भीती आठवते, त्याने धाकट्याचा हात धरावा, त्याला खरे ते सांगावे आणि गावाकडच्या नदीची, बैलाची किंवा आजीची एखादी गोष्ट सुरू करावी. गोष्ट संपण्यापूर्वी सुई संपलेली असेल. तिची खूण दंडावरून दोन दिवसांत जाईल. त्या वेळी कोणी हात धरला होता, याची आठवण मात्र मनात दीर्घकाळ राहील.