आईच्या उपचारांत घराचा वाटा

स्तनाच्या कॅन्सरवरचे उपचार लांब चालतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन एवढे पार पडायलाच बहुधा सहा महिने ते वर्ष लागते. गाठ हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेली, असेल तर ट्रॅस्टुझुमॅब या औषधाची इंजेक्शने साधारण वर्षभर घ्यावी लागतात. हार्मोनवर वाढणारी असेल तर गोळ्या किमान पाच वर्षे, काहींना दहा. या साऱ्या काळात बाई रुग्णालयात असते ते मोजके दिवस. उरलेला उपचार घरात होतो: ताप पाहणे, चार घास पोटात जातील असे बघणे, रक्ततपासणीची तारीख न चुकवणे, फाइल सांभाळणे, रात्री जागणे. मराठी घरांत ही कामे बहुतेक वेळा जिच्यावर सोपवलेली असतात, तीच इथे आजारी असते. सासूचे पथ्य, नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, मुलांचे ताप-खोकले तिने निभावलेले असतात. तिची शुश्रूषा कशी करायची हे मात्र घरात कोणाला ठाऊक नसते. ते शिकता येते, आणि वेळेवर शिकावे लागते. कुटुंबाची मुख्य कामे दोन. ठरलेला उपचार वेळच्या वेळी शेवटपर्यंत पूर्ण होईल असे पाहणे हे पहिले. तो चालू असताना शेवटचा शब्द आईचाच राहील हे दुसरे. धीराच्या गोष्टी त्यानंतर.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. देशातल्या अकरा कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के आढळले. आजार स्तनापुरता असताना सापडला तर ते ८१ टक्के होते, शरीरात दूरवर पसरल्यावर सापडला तर १८ टक्के. हा फरक पुष्कळदा रुग्णालयात पोचण्याआधीच, घरात पडतो. गाठ लागते, पण दुखत नाही, म्हणून ती कोणाला सांगितली जात नाही. गणपती होऊन जाऊ दे, लेकीचे बाळंतपण उरकू दे, दिवाळी निघू दे, असे महिने जातात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या दीर्घ अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्या गटाची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी फक्त हाताने तपासणी केली. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या तपासणीमुळे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा घरातल्या बाईने ‘इथे काहीतरी लागतंय’ म्हटले की त्याच आठवड्यात तिला दाखवून आणावे.

निदान झाल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो सांगण्याचा. डॉक्टर बोलतात मुलाशी किंवा नवऱ्याशी, आणि ‘आईला एवढ्यात काही सांगू नका, ती खचेल’ अशी विनंती केली जाते. तिच्यावरच्या मायेपोटीच ती केली जाते, पण तिचे नुकसान करते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारावरची पाटी आईला वाचता येते. ओपीडीत शेजारी बसलेली बाई तिला सगळे सांगते. संमतीच्या कागदावर सही तिचीच लागते. बहुतेक आयांना निदान कळलेले असते. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या कळले नसल्याचे दाखवतात. मग एकाच घरात दोन्ही बाजूंना गप्प राहावे लागते आणि जिला सर्वांत जास्त विचारायचे आहे तिला विचारायला कोणी उरत नाही. सांगणे एका दमात व्हावे लागत नाही. तिला काय वाटते आहे, किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी तिलाच विचारावे आणि जेवढे ती विचारील तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे. नातवंडांनाही आजाराचे नाव सांगावे. आजीला काय झाले आहे आणि ते आपल्यामुळे झालेले नाही, एवढे त्यांना कळायला हवे. नातेवाइकांपासून लपवण्यामागे पुष्कळदा घरातल्या मुलीच्या लग्नाची धास्ती असते. ताट-वाटी वेगळी करणारी घरेही आहेत. हा आजार संसर्गाने होत नाही, हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने सर्वांसमक्ष एकदा बोलून टाकले की बरेच काही मोकळे होते.

बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही समजूत अजून टिकून आहे, आणि तिच्यामुळे दिवस वाया जातात. गाठ हार्मोनवर वाढते का, तिच्यावर हर-टू आहे का, हे बायोप्सीत काढलेल्या छोट्या तुकड्यावरून कळते आणि पुढची सगळी औषधे त्यावर ठरतात. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती आकसवतात आणि मग शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे ‘अजून ऑपरेशन का करत नाहीत’ म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. ‘एकदाचे काढूनच टाका’ हा सल्ला घरातून फार लवकर येतो. सुरुवातीच्या अवस्थेत गाठ काढून स्तन राखला आणि रेडिएशन दिले, तर आयुर्मान संपूर्ण स्तन काढल्याइतकेच राहते, हे इटली आणि अमेरिकेतल्या वीस-वीस वर्षांच्या पाठपुराव्यांतून २००२ मध्ये स्पष्ट झाले. स्तन राखणे प्रत्येकीला शक्य नसते. पण शक्य असेल तेव्हा काय करायचे हे ती ठरवील. ‘या वयात काय करायचे आहे’ हे वाक्य साठीतल्या बाईसमोर कोणीही उच्चारू नये.

शस्त्रक्रियेनंतर आई जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी घेऊन घरी येते. डब्यात साठलेले पाणी रोज त्याच वेळी मोजून वहीत लिहायचे असते. त्या आकड्यांवरून नळी कधी काढायची ते ठरते. हे काम नवऱ्याने किंवा मुलाने करण्यात काहीच अडचण नाही. खांदा आखडू नये म्हणून शिकवलेले व्यायाम, भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा तर हमखास, दुखले तरी रोज करावे लागतात आणि कोणी सोबत उभे राहिले तर ते होतात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात पुढे कधीही सुजू शकतो. त्याला भाजणे, कापणे टाळायचे, म्हणजे तळणीचा झारा आणि विळी दुसऱ्या कोणाकडे जायला हवी. बांगड्या किंवा अंगठी घट्ट होऊ लागली तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगे लक्षण आहे. जखमेकडे पाहायला आईला वेळ लागतो. नवऱ्याने नजर चुकवली तर ते तिच्या लगेच लक्षात येते.

घराची खरी परीक्षा केमोत होते. बहुतेक औषधे तीन आठवड्यांच्या अंतराने देतात, काही दर आठवड्याला. तीन आठवड्यांच्या केमोत सुरुवातीचे तीन-चार दिवस मळमळ आणि गळाठा येतो. त्यानंतर बरे वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला तर तो साधा ताप समजायचा नसतो. घरात थर्मामीटर हवा, रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर भिंतीवर हवा, आणि क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचे नाही हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे. क्रोसिनने ताप उतरतो, जंतुसंसर्ग तसाच राहतो. काही तासांचा उशीर जिवावर बेतू शकतो. केमोच्या काळातली दुसरी कोणतीही माहिती विसरली तरी चालेल, ही विसरून चालणार नाही.

जेवणाचे गणित सोपे आहे, पण ते रोज मांडावे लागते. तोंड येते, चव जाते, फोडणीच्या वासानेही उमळते. अशा वेळी मऊ भात-मेटकूट, मुगाची खिचडी, पेज, नाचणीची आंबील थोडी थोडी, दोन-दोन तासांनी. प्रथिने कमी पडू नयेत म्हणून वरण, उसळीचे पाणी, उकडलेले अंडे, पनीर, आणि घरात चालत असेल तर नीट शिजवलेले मासे-चिकन. उघड्यावर कापून ठेवलेली फळे आणि बाहेरचा रस नको. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकून आधीच खंगलेल्या बाईचे खाणे तोडू नये. गोमूत्र, भस्मे, कोणाच्या तरी ओळखीच्या वैद्याची पुडी याबाबत रागावण्यापेक्षा एकच नियम पाळावा: जे काही पोटात जाणार आहे ते आधी केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचे. काही औषधे यकृतावर ताण आणतात, काही केमोच्या औषधांशी झुंजतात. उपचार सोडून अशा मार्गाला लागलेल्या स्त्रिया परततात तेव्हा बहुधा आजार पुढे गेलेला असतो.

पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जाऊ लागतात. उशीवर, न्हाणीघरात पुंजके सापडण्याआधीच ते बारीक कापून घेणे अनेकींना बरे वाटते, अनेकींना नाही. विग, रुमाल की उघडे डोके, हेही तिनेच ठरवायचे. केस परत येतात, हे एकदा सांगितले तरी पुरते. ‘त्यात काय एवढे’ हे कधीच सांगू नये.

केमोच्या तारखा सणवार पाहत नाहीत. दिवाळी पेशी उतरलेल्या आठवड्यात आली तर दार बंद ठेवण्याचा वाईटपणा घरातल्या दुसऱ्या कोणी तरी घ्यावा, आईला घ्यायला लावू नये. सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊ नये, भाऊबीज आठवड्याने पुढे ढकलता येते, फटाक्यांचा धूर तिच्या खोलीपर्यंत येऊ नये. फराळ विकत आणावा, किंवा मुलांनी करावा आणि बिघडू द्यावा. ‘मी बसून सांगते, तुम्ही करा’ असे ती म्हणाली तर मात्र तिला स्वयंपाकघरात खुर्ची द्यावी. आजारी माणसाला विश्रांती हवी असते, तशीच घरात आपली जागा आहे याची खात्रीही हवी असते.

कामे नावानिशी वाटली नाहीत तर ती एकाच्याच अंगावर येतात, बहुधा सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या. फाइल आणि तारखा एकाकडे, पैसे आणि कागद दुसऱ्याकडे, स्वयंपाक तिसऱ्याकडे, रात्रीची सोबत पाळीपाळीने. परदेशातला मुलगा रोज इंटरनेटवरचा नवा उपाय पाठवतो तेव्हा इथल्यांचा ताण वाढतो. त्याने खर्चाचा ठरावीक भाग उचलला, रोज एका ठरावीक वेळी आईशी बोलला आणि सगळे संपल्यावर येण्याऐवजी केमोच्या मधल्या फेऱ्यांना रजा काढून आला, तर त्याचा खरा उपयोग होतो. सोबत करणाऱ्यालाही झोप हवी असते, त्याचीही चिडचिड होते. त्याला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळणे हा चोचला नव्हे.

पैशांचा हिशेब आईच्या कानावर पडू लागला की ‘माझ्यावर एवढे घालवू नका’ सुरू होते आणि कधी कधी उपचार अर्धवट सुटतो. म्हणून खर्चाची तजवीज सुरुवातीलाच लागावी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येते, आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. शिधापत्रिका आणि ओळखपत्र पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये असावे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला सोबत्यासह तिकिटात मोठी सवलत असते, तिच्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत उपचार घ्यायला बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या निवाऱ्याची सोय दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे करते आहे. ती आणि तशा इतर जागा मिळवून द्यायला रुग्णालयातले समाजसेवक असतात, त्यांना पहिल्याच फेरीत भेटावे. बार्शी आणि नागपूरसारख्या ठिकाणीही कॅन्सर रुग्णालये आहेत. घराजवळ तोच उपचार मिळत असेल तर तो पूर्ण होण्याची शक्यता वाढते.

रेडिएशन, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला शेक, केमोच्या मानाने सोपा जातो. तो आठवड्यातून पाच दिवस, सहसा तीन आठवडे असतो. त्रास मुख्यतः रोजच्या येण्याजाण्याचा आणि त्वचा काळवंडण्याचा.

आजार आटोक्यात राहिला नाही, किंवा परतून हाडांत, फुफ्फुसांत गेला, तर कुटुंबाचे काम संपत नाही, बदलते. आता अनेकींना औषधांवर वर्षानुवर्षे बरे जगता येते. वेदना आणि धाप कमी करणारी उपशामक सेवा अगदी अखेरीस घ्यायची गोष्ट नाही, ती चालू उपचारांबरोबरच सुरू करता येते. मॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर त्याची धास्ती बाळगायला नको. यापुढे कोणता उपचार हवा आणि कोणता नको, हे तिला बोलता येत असतानाच विचारावे.

शेवटची केमो झाली की घर सुटकेचा श्वास टाकते, आणि आईला मात्र तेव्हाच एकटे वाटू लागते. थकवा कित्येक महिने राहतो. घाम, सांधेदुखी, उडालेली झोप हे हार्मोनविरोधी गोळ्यांचे परिणाम असतात आणि त्यांना कंटाळून गोळ्या गुपचूप बंद होतात. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या गोळ्या थांबवण्याआधी त्रास डॉक्टरांना सांगितला तर बहुधा मार्ग निघतो, म्हणून गोळीची चौकशी पाचव्या वर्षीही करावी. दरवर्षी मॅमोग्राफी असते. ५ ते १० टक्के स्त्रियांमध्ये हा आजार घराण्यातून येतो, मुख्यतः बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतल्या दोषामुळे. आईला कमी वयात आजार झाला असेल, मावशी-आजीलाही स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झालेला असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे. तपासणी आधी आईच्या रक्ताची होते. तिच्यात दोष सापडला तर प्रत्येक मुलात, मुलगा असो वा मुलगी, तो असण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्यांच्यात तो निघेल त्या मुलींची नियमित तपासणी इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी आधी सुरू करतात.