पोत्यातली पिल्लं

जिन्याखालच्या अडगळीत मांजर व्यालं, की घरोघरी तोच प्रसंग. आधी मुलांचं कौतुक, "आई, चार आहेत गं!" मग महिनाभरात घाण, वास, दुधाच्या पातेल्यावर पहारा. आणि एके दिवशी घरातलं कुणीतरी पिल्लं पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतं. "बाजाराजवळ सोडलीत, खातील काहीबाही," अशी आपण मनाची समजूत घालतो. पुढे दोन-तीन रात्री त्यांची आई ओरडत घरभर फिरते. घरातल्या इतरांचं माहीत नाही, पण बाळंतपण सोसलेल्या बाईला त्या रात्री झोप लागत नाही.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. म्हणून आपण मारत नाही, सोडून येतो. पण अंगावर पिणारं पिल्लू आईवाचून जगणार कसं? मैत्रिणींनो, हे मारणंच आहे, फक्त आपल्या डोळ्यांआड. प्राण्याची उपासमार होईल अशा तऱ्हेने त्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

बरं, एवढं करून मांजरं कमी होतात का? मुळीच नाही. मांजरीचे दिवस जेमतेम दोन महिन्यांत भरतात. पिल्लं दूर केली, की ती लवकरच पुन्हा गाभण राहते. वर्षातून दोन-तीनदा विते, आणि तिची लेक पाच-सहा महिन्यांची झाली की तिचंही सुरू. मोठी मांजरं पकडून दूर नेली, तर खरकट्याच्या आशेने दुसरी येतात.

खरा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. मांजरीला पिंजऱ्यात पकडायचं, डॉक्टरांकडून ऑपरेशन आणि रेबीजची लस करून घ्यायची, आणि बरी झाली की तिच्याच गल्लीत सोडायचं. ती भुलीत असतानाच कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे झालेली कोणती ते लांबूनही कळतं. बोक्यांचंही करावं, त्यांच्या रात्रीच्या मारामाऱ्या कमी होतात. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये भटक्या मांजरांसाठी हे काम हाती घेतलं. आपल्या गावात मात्र सुरुवात आपल्यालाच करावी लागेल.

"तिच्या आईपणाच्या आड आपण का यायचं?" असं काहीजणी विचारतात. वर्षाला तीन बाळंतपणं आणि डोळ्यांदेखत मरणारी पिल्लं, हे कसलं आईपण? दोन मुलांत अंतर हवं, हे आपल्या घरांत पटायलाही एक पिढी जावी लागली.

रोज दूधभात घालणाऱ्यांनी तर हे आधी करावं, कारण नुसतं खायला घालणं ही अर्धीच माया. ठरल्या वेळी, ठरल्या जागी घाला, म्हणजे पकडणं सोपं जातं. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळ राहू द्या. जवळच्या पशुवैद्यकांकडे चौकशी करा. खर्च एकटीला जड वाटला, तर भिशीतल्या दहाजणींनी वाटून घ्यावा.

मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, हा प्रश्न जुनाच आहे. निदान आपल्या जिन्याखालच्या मांजरीपुरती तरी ती आपण बांधू या. पुढच्या वेळी पोतं शोधण्यापेक्षा ते बरं.