जुन्या मोटारीचा हिशेब

पुण्याहून सांगलीकडे परतताना खंबाटकीचा घाट चढत असताना मोटारीने प्रथम एक धक्का दिला, नंतर दुसरा दिला आणि मग ती एकाच गिअरवर हट्टाने रांगू लागली. समोरच्या पडद्यावर दातेरी चाकाचे पिवळे चिन्ह उजळले होते. मागच्या आसनावर मुलीच्या वसतिगृहातून परत आणलेल्या रिकाम्या पिशव्या होत्या. गाडी चालविणारे गृहस्थ सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीचे घाऊक व्यापारी. शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. घाटमाथा येईपर्यंत दोघांपैकी कोणीही बोलले नाही.

ही मोटार त्यांच्या दारात कशी आली, ते आधी सांगितले पाहिजे. जर्मन बनावटीची, डिझेलवर चालणारी, २०१६ सालची ही गाडी मूळची दिल्लीची. नवी असताना तिची किंमत पंचावन्न लाखांच्या घरात होती. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल मोटारींना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली प्रतिबंध केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून सात-आठ वर्षांच्या धडधाकट दिसणाऱ्या महागड्या मोटारी तेथे मातीमोल भावाने निघू लागल्या, आणि ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन त्या अन्य राज्यांत येऊ लागल्या. आपल्या गृहस्थांनी २०२३ मध्ये अशीच एक पंधरा लाखांना घेतली. नव्या मध्यम मोटारीच्या किमतीत पेठेतील सर्वांत देखणी मोटार! विक्रेत्याने अडुसष्ट हजार किलोमीटर धावलेली गाडी म्हणून दिली. सेवा-नोंदींची वही मात्र ‘घर बदलताना हरवली’ होती.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोटारीची किंमत उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाही. पंचावन्न लाखांची गाडी पंधरा लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स पंचावन्न लाखांच्या गाडीचाच असतो. विम्याचाही येथे उपयोग नाही. मोटार विमा अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असतो. यांत्रिक अथवा विद्युत बिघाड त्यातून वगळलेला असतो. हप्ता नियमित भरणाऱ्या अनेकांना हे वाक्य गॅरेजमध्ये उभे असतानाच प्रथम ऐकावयास मिळते.

अधिकृत सेवा केंद्राने दिलेले अंदाजपत्रक एका ओळीचे होते : नवा गिअरबॉक्स, जोडणी व कर धरून नऊ लाख वीस हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसाच हा प्रकार. मात्र त्याच तपासणीत दुसरी एक गोष्ट उघड झाली. अशा मोटारींत धावल्याचे किलोमीटर केवळ समोरच्या काट्यापाशी नोंदलेले नसतात. अन्य काही नियंत्रक घटकही ती नोंद स्वतःपाशी ठेवतात. काटा पंच्याऐंशी हजार दाखवीत होता आणि गिअरबॉक्सची स्मृती एक लाख एकोणपन्नास हजार. दिल्लीत कोणीतरी काटा चौसष्ट हजारांनी मागे फिरविला होता.

गृहस्थांना या वेळी आलेला संताप स्वाभाविक होता. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या एका स्नेह्याने कुर्ल्याचा मार्ग सुचविला.

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. दरवाजे, दिवे, इंजिने, गिअरबॉक्स सर्व काही तेथे सुटे मिळते. तेथील एका व्यापाऱ्याने दूरध्वनीवर सांगितले, ‘माल एक नंबर आहे, गाडी मागून ठोकलेली होती, गिअरबॉक्सला धक्काही नाही.’ किंमत पावणेतीन लाख. काढणे, बसविणे आणि संगणकावर जुळवून घेणे यांचे पाऊण लाख वेगळे. एकूण साडेतीन लाख. हमी किती दिवसांची? ‘बसवून बघा, पंधरा दिवसांत आवाज आला तर बदलून देऊ.’ ज्या गाडीतून तो काढला तिचा चासी क्रमांक? त्यावर उत्तर आले नाही. पक्के बिल? ‘शेठ, बिल घेऊन काय करणार?’

साडेतीन आणि नऊ लाख वीस हजार या दोन आकड्यांची तुलना करून पुष्कळ माणसे येथेच ‘हो’ म्हणून मोकळी होतात. ही तुलनाच मुळात चुकीची आहे. बँकेत थकलेल्या कर्जाच्या बाबतीत जी चूक नेहमी घडत आली, तीच ही. आधी दिलेले पंधरा लाख वाचविण्यासाठी आणखी किती द्यावे, असा प्रश्न कर्जदारही विचारतो आणि भिडस्त अधिकारीही विचारतो. पंधरा लाख गेलेले आहेत. आज बंद अवस्थेत ही गाडी काय आणील, दुरुस्त होऊन काय आणील, आणि या दोहोंमधील अंतर दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक आहे का, एवढेच विचारावयाचे असते.

गृहस्थांनी रात्री पाठकोऱ्या कागदावर हा हिशेब मांडला. बंद गाडीला खरी माहिती सांगून साडेचार लाख येत होते. चालू गाडीला काट्यावरच्या पंच्याऐंशी हजारांवर अकरा लाख आले असते; खरे किलोमीटर सांगितले तर नऊ. त्यांनी प्रथम अकरा लिहिले. सौभाग्यवती चष्मा लावून कागद वाचत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, आपल्याला जे कोणी सांगितलं नाही, ते आपणही पुढच्याला सांगायचं नाही, असं ठरलंय का?’ ते काही वेळ गप्प राहिले आणि मग अकरा खोडून त्यांनी नऊ केले. या एका खोडण्याची किंमत दोन लाख रुपये होती, आणि मुलीच्या पुढील दोन वर्षांच्या शुल्कासाठी राखलेली मुदत ठेव मोडायची की नाही, हा प्रश्न त्याच टेबलावर पडलेला होता.

नऊ धरल्यावर नवा गिअरबॉक्स आपोआप बाद झाला. कुर्ल्याच्या मालाचा हिशेब मात्र पाहण्याजोगा आहे. नवातून साडेतीन गेले की उरतात साडेपाच. बंद गाडीच्या साडेचारांपेक्षा एक लाख अधिक. म्हणजे सर्व सुरळीत झाले तर लाभ एक लाखाचा आणि गिअरबॉक्स सदोष निघाला तर फटका साडेतीन लाखांचा. असे पाच सौदे केले आणि त्यांतला एकच फसला, तरी चार लाख मिळून साडेतीन जातात. पाच सौद्यांत पन्नास हजार उरतात. पाचांत एकच फसेल याची ग्वाही तरी कोण देणार? सांगलीकराला तर ती देणे अधिकच कठीण. ऑगस्ट २०१९ च्या पुरात याच पेठेत पाणी शिरले होते, मोटारी दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या होत्या, आणि पाणी ओसरल्यावर त्या ओढून नेणाऱ्या गाड्या याच रस्त्याने गेल्या होत्या. त्या मोटारींचे भाग कोठेतरी विकले गेलेच असतील. पुरातल्या गाडीचा दरवाजा किंवा काच घेण्यास हरकत नाही. पण विजेच्या जोडण्यांत एकदा ओल शिरली की तांब्यावर हिरवा थर चढत जातो आणि बिघाड महिन्यांनी उगवतो. पंधरा दिवसांची हमी तोवर संपलेली असते.

चासी क्रमांक न सांगणे ही बाब त्याहून गंभीर. माल विक्री अधिनियम, १९३० चे साधे तत्त्व आहे : विकणाऱ्याकडे जी मालकी नाही, ती तो घेणाऱ्याला देऊ शकत नाही. चोरीच्या मोटारीतून काढलेला भाग रोख पैसे मोजून घेतला, तरी तो घेणाऱ्याचा होत नाही. आणि चोरीचा माल आहे हे ठाऊक असूनही किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तर तो गुन्हाच आहे. मेरठचा सोतीगंज बाजार अशाच मालासाठी कुप्रसिद्ध होता. पोलिसी कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद झाला. जुन्या भागांचे सर्वच व्यापारी तसे नसतात, किंबहुना अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने हा धंदा करीत आहेत. ते मूळ गाडीची माहितीही देतात आणि बिलही देतात. ‘बिल घेऊन काय करणार’ या प्रश्नातच उत्तर मिळून जाते.

जुना भाग म्हणून सरसकट नाक मुरडण्याचेही कारण नाही. दरवाजा, बॉनेट, आरसा, दिवा, आसन, काच हे भाग जुने घ्यावेत आणि पैसे वाचवावेत. ब्रेकचे पॅड, टायमिंग बेल्ट, रबरी बुश, सीटबेल्ट आणि एअरबॅग मात्र कितीही स्वस्त मिळोत, जुने घेऊ नयेत. त्यांचे आयुष्य किती उरले हे डोळ्यांना दिसत नाही आणि ते संपते तेव्हा गाडीत माणसे असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसणारा टायरही त्यावरून म्हातारा ठरतो. संगणकीय घटकांचे आणखी वेगळे. पुष्कळ महागड्या मोटारींत ते मूळ गाडीच्या ओळखीशी जखडलेले असतात; दुसऱ्या गाडीत नुसते बसविले तर गाडी त्यांना ओळखतच नाही.

या सर्व विचारानंतर गृहस्थ कोल्हापूरला एका मिस्त्रीकडे गेले. स्वयंचलित गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणे एवढेच काम तो पंधरा वर्षे करीत होता. त्याने गिअरबॉक्सचे तेल एका पांढऱ्या ताटलीत ओतले. काळे, जळका वास येणारे. तळाच्या चुंबकावर राखाडी लेप होता. त्याने तो बोटावर घेऊन चोळला आणि म्हणाला, ‘शेठ, लेप आहे, कपच्या नाहीत. दाते शाबूत असणार. क्लच प्लेटा गेल्यात. हे तेल जन्मल्यापासून कुणी बदललेलं नाही.’ मोटार कंपन्या पुष्कळदा हे तेल आयुष्यभराचे असल्याचे सांगतात. गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरदरम्यान ते बदलण्याची शिफारस करते. आयुष्यभराचे म्हणजे नेमके कोणाच्या आयुष्याचे, हे पहिल्या मालकाला विचारण्याची गरज पडत नाही.

नव्या क्लच प्लेटा, नवी सीले, झडपांची सफाई, नवे तेल : दोन लाख साठ हजार, पक्के बिल, सहा महिन्यांची लेखी हमी. नवातून हे वजा जाता सहा लाख चाळीस हजार उरत होते. कुर्ल्याच्या मार्गापेक्षा नव्वद हजार अधिक, आणि गिअरबॉक्स आपलाच, म्हणजे त्याचा इतिहास निदान आता ठाऊक झालेला. गृहस्थांनी होकार देण्यापूर्वी त्याच पाठकोऱ्या कागदाच्या तळाशी ‘मर्यादा तीन लाख’ असे लिहून त्याखाली सही केली. हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण मर्यादा काम सुरू होण्यापूर्वी लिहिलेली असली तरच ती मर्यादा असते. गिअरबॉक्स एकदा मोकळा होऊन टेबलावर पसरला की प्रत्येक नवा खर्च लहान भासू लागतो.

आणि तसेच झाले. आठव्या दिवशी मिस्त्रीचा दूरध्वनी आला : टॉर्क कन्व्हर्टरही आतून झिजला होता. नवा एक लाख दहा हजारांचा. बेरीज तीन लाख सत्तर हजार. दुकानात गिऱ्हाईक होते, हळदीची पोती उतरत होती. गृहस्थ म्हणाले, ‘मिस्त्री, तीनच्या वर माझी सही नाही. दुसरा मार्ग असेल तर सांगा, नाही तर आहे तशी विकतो.’ मार्ग होता. तोच कन्व्हर्टर पुण्याला पाठवून कापायचा, आतले अस्तर आणि सीले नवी घालायची, पुन्हा जोडून तोल साधून घ्यायचा. पस्तीस हजार, बिलासह. वापरलेला भाग आणि पुनर्निर्मित भाग यांतील फरक हाच. पहिल्यात दुसऱ्याची झीज जशीच्या तशी आपल्याकडे येते, दुसऱ्यात झिजणारे तेवढे बदललेले असते. एकूण दोन लाख पंच्याण्णव हजार झाले. मुदत ठेव मोडली नाही. तिच्यावर तारण-कर्ज काढले आणि हळदीचा हंगाम संपताच ते फेडले.

गाडी आता नीट चालते. खंबाटकीही ती दोनदा चढून आली आहे. पुढच्या कप्प्यात एक निळी फाइल असते. तीत दोन्ही बिले, गिअरबॉक्सच्या स्मृतीतील नोंदीची छापील प्रत आणि गृहस्थांच्या हस्ताक्षरात एक ओळ : ‘काट्यावरील आकड्यात चौसष्ट हजार मिळवून वाचावे.’ दिवाळीनंतर इचलकरंजीचे एक गिऱ्हाईक गाडी पाहून गेले. त्यांनी फाइल दोनदा वाचली, चक्कर मारली आणि साडेआठ लाख सांगितले. सौभाग्यवतींना वाटते, द्यावी. गृहस्थ पावणेनऊवर अडले आहेत.